‘वरूनच शॉर्ट आहे’

सोसायटीचा असो, शाळेतल्या जुन्या मित्रांचा असो की गावाकडच्या भावकीचा, व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून एक फोटो येतोच. अर्धी वापरलेली गोळ्यांची पट्टी, मागच्या चंदेरी बाजूवरचं नाव चमकू नये म्हणून तिरकी धरलेली, आणि खाली एक ओळ: ‘हे कुठे मिळेल? अर्जंट आहे.’ मग उत्तरं सुरू होतात. कुणी हात जोडलेली खूण टाकतं, कुणी ‘कोथरूडला बघ’ म्हणतं, कुणाचा मेहुणा एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी, निघतो. पुष्कळदा औषध मिळतंही. मग आभार, फुलं, आणि विषय संपतो.

तो तिथे संपू नये असं माझं म्हणणं आहे, कारण औषध मिळालं ते ओळखीवर. ज्याच्या नात्यात एमआर नाही, ज्याच्या फोनमध्ये दोनशे माणसांचा ग्रुप नाही, किंवा घरातल्या माणसाला कोणती गोळी चालू आहे हे ज्याला दोनशे जणांना कळू द्यायचं नाही, त्यानं काय करायचं? त्यानं मोटारसायकल काढायची आणि एकेक मेडिकल पालथं घालायचं. ही वणवण आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की हे काम दुसऱ्या कुणाचं असू शकतं हे आपल्याला सुचतही नाही. माझ्या मते ते सरकारचं आहे. चिठ्ठीवरचं औषध जवळात जवळ कुठे शिल्लक आहे हे सांगणं म्हणजे आरोग्यसेवाच, आणि ती राज्यानं द्यायला हवी. त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती आज कुठल्या ना कुठल्या संगणकात पडून आहे.

मेडिकलच्या काउंटरवर नुसतं ‘नाही’ असं उत्तर सहसा मिळत नाही. ‘उद्या मागवून देतो’, ‘दुसऱ्या कंपनीचं देऊ का, कंटेंट सेम आहे’, नाहीतर ‘वरूनच शॉर्ट आहे’. ऐकणाऱ्याच्या लेखी तिन्हींचा अर्थ एकच, आज गोळी नाही. पण तिन्हींमागची कारणं निराळी आहेत, म्हणून उपायही निराळे लागतील.

‘उद्या मागवून देतो’ यात दुकानदाराचं काही चुकत नाही. जागा कमी, भांडवल अडकलेलं, एक्स्पायरीची टांगती तलवार. तेव्हा आसपासचे डॉक्टर जे लिहितात तेवढंच तो भरून ठेवतो आणि उरलेलं लागेल तसं स्टॉकिस्टकडून, म्हणजे ठोक विक्रेत्याकडून, आणतो. पुण्यात सदाशिव पेठेतून, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजारातून माल लवकर येतो, म्हणून शहरातल्या माणसाला हा ‘उद्या’ सोसतो. गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तिथला ‘उद्या’ पाणी ओसरण्यावर अवलंबून. आणि गोळी फिटची असेल तर शहरातला एक दिवसही जास्तच.

‘कंटेंट सेम आहे’ हे प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि माझ्या अंदाजानं आपल्याकडची निम्मी शोधाशोध याच्यामुळेच होते. एकाच रसायनाची आपल्या बाजारात डझनावारी नावं असतात. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयातून वाशीमला परतलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर जे नाव असतं, ते रुग्णालयाच्या आवारातल्या मेडिकलमध्ये खच्चून भरलेलं असतं आणि वाशीमच्या दुकानदारानं कधी ऐकलेलंही नसतं. तेच औषध दुसऱ्या नावानं त्याच्या फळीवर असतं. तो काय करतो? सरळ देतो, किंवा विचारून देतो. आणि इथे कायद्याची गंमत आहे. १९४५ च्या औषध नियमांतला ६५वा नियम सांगतो की शेड्यूल एच आणि एक्समधल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या, औषधाची चिठ्ठी असेल तर तिच्याऐवजी दुसरं काही देता येणार नाही, घटक तोच असला तरीही. म्हणजे रोज हजारो काउंटरवर जे घडतं, ज्यामुळे रुग्णाचं काम भागतं, ते नियमबाह्य आहे. जो दुकानदार नियम पाळतो तो रुग्णाला परत पाठवतो. जो मदत करतो तो नियम मोडतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २ ऑगस्ट २०२३ ला डॉक्टरांना ब्रँडऐवजी औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहिणं बंधनकारक करणारी नियमावली काढली. गदारोळ झाला, आणि त्याच महिन्यात ती स्थगित झाली. मूळ नावानं विकलेल्या औषधांच्या दर्जाची खात्री कोण देणार, हा डॉक्टरांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण स्थगितीचा भार पडला रुग्णाच्या पायांवर, हेही खरं.

म्हणून औषध शोधून देणारी कोणतीही व्यवस्था ब्रँडच्या नावावर उभी केली तर ती पहिल्या दिवसापासून अर्धवट असेल. तिनं रुग्णाला सांगायला हवं की तुमचं अमुक नावाचं औषध या गावात नाही, पण त्याच घटकाचं, त्याच ताकदीचं तमुक नावाचं तीन दुकानांत आहे. डॉक्टरांना एक फोन करून विचारा. तो फोन मात्र वगळता येणार नाही. मूत्रपिंड बदललेल्या माणसाच्या टॅक्रोलिमसचा ब्रँड परस्पर बदलणं धोक्याचं, कारण रक्तातली त्याची पातळी थोडी खालीवर झाली तरी शरीर नवं मूत्रपिंड नाकारू शकतं. फिटच्या काही औषधांबाबतही डॉक्टर ब्रँड बदलायला कचरतात. बहुतेक रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्यांना ही अडचण नाही. हा फरक काउंटरवर उभ्या असलेल्या मुलानं करावा अशी अपेक्षा ठेवू नये. तो यादीतच लिहिलेला असावा.

आता ‘वरूनच शॉर्ट आहे’. हे ‘वर’ म्हणजे नेमकं कुठे, हे दुकानदारालाही माहीत नसतं. स्टॉकिस्ट म्हणतो कंपनीकडून नाही, कंपनीचा माणूस म्हणतो पुढच्या आठवड्यात येईल. कधी कच्चा माल महागलेला असतो आणि नियंत्रित किमतीत ते औषध बनवणं परवडत नाही. हा माझा तर्क नाही, सरकारनंच तसं मान्य केलं आहे. औषध किंमत प्राधिकरणानं डिसेंबर २०१९ मध्ये २१ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या, कारण ती बाजारातून नाहीशी व्हायला लागली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा आठ औषधांच्या बाबतीत तेच करावं लागलं. त्या आठांत दम्याचं साल्बुटामॉल होतं, बेंझिल पेनिसिलिन होतं, थॅलेसेमियाच्या मुलांच्या शरीरातलं जादा लोह काढणारं डेस्फेरीऑक्झामिन होतं आणि लिथियम होतं. लिथियम हे मनोविकारातलं जुनं, स्वस्त आणि अजूनही तोड नसलेलं औषध. ते नीट लागू पडलेला माणूस वर्षानुवर्षं नोकरी करतो, संसार करतो. ते अचानक तुटलं तर आजार उलटण्याचा धोका असतो. स्वस्त औषध आधी गायब होतं हा या व्यवहाराचा उफराटा न्याय आहे. महागड्या गोळीला मालक पुष्कळ, दोन रुपयांच्या गोळीला कुणीच नाही.

२०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात या प्रसंगासाठी तरतूद आहे. किंमत नियंत्रणाखालचं औषध बनवणं थांबवायचं असेल तर कंपनीनं किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यायची आणि सरकारला कळवायचं. त्याच आदेशात असंही आहे की दुकानात असलेलं औषध विक्रेत्यानं ग्राहकाला नाकारू नये. पहिली तरतूद मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती वाया गेलेलीही वाटते. सहा महिने म्हणजे पुष्कळ वेळ झाला. तेवढ्यात डॉक्टर औषध बदलू शकतात, रुग्ण नव्या गोळीवर स्थिरावू शकतो. पण ती जाहीर सूचना तुम्ही कधी वाचली आहे? मी मेडिकलच्या काउंटरवर देवाची तसबीर पाहिली आहे, ‘उधार मागू नये’ ही पाटी पाहिली आहे, कंपन्यांची कॅलेंडरं पाहिली आहेत. ‘हे औषध जूनपासून बंद होणार आहे, आपल्या डॉक्टरांशी बोला’ असा कागद पाहिलेला नाही. किंमत प्राधिकरणानं २०१५ मध्ये ‘फार्मा जनसमाधान’ नावाची तक्रारीची सोय काढली, त्यात औषध न मिळाल्याची तक्रारही करता येते. चांगलंच आहे. पण संध्याकाळची गोळी संपलेल्या माणसाला तक्रार नोंदवायची नसते, त्याला गोळी हवी असते.

सरकारी पुरवठा तुटतो तेव्हा तर ‘वर’ म्हणजे सरकारच. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना पत्र लिहिलं: क्षयाच्या औषधांचा पुरवठा लांबला आहे, तीन महिन्यांपुरती औषधं स्थानिक पातळीवर विकत घ्या, आणि तेही जमलं नाही तर रुग्णानं बाहेरून घेतलेल्या औषधाचे पैसे त्याला परत द्या. कागदावर हे माणुसकीचंच वाटतं. पण रुग्णानं ती बाहेरून आणायची कुठून? क्षयाची औषधं वर्षानुवर्षं सरकार फुकट देत आलं, तेव्हा खासगी दुकानदार ती कशाला भरून ठेवील? शिवाय ती शेड्यूल एच-१ मध्ये येतात, म्हणजे वेगळी वही, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव, तीन वर्षं जपायची नोंद. क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा, त्यात खंड पडला तर जंतू औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका, हे आपण प्रत्येक पोस्टरवर लिहितो. आणि खंड आपल्याकडूनच पडला तेव्हा कोणत्या दुकानात औषध आहे एवढंही रुग्णाला सांगू शकलो नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालकं होती. औषधं बाहेरून आणावी लागत होती असं नातेवाईक सांगत होते, तुटवडा नव्हता असं सरकार सांगत होतं. मृत्यूंची कारणं काय होती, हा वैद्यकीय चौकशीचा विषय, त्यात मी पडत नाही. मला खटकतं ते दुसरंच. औषध होतं की नव्हतं ही काही मताची बाब नव्हे. साठ्याची नोंद ठेवायला महाराष्ट्रात ई-औषधी नावाची संगणक प्रणाली आहे. त्यातला आकडा रोज सकाळी रुग्णालयाच्या औषध खिडकीवर लागत असता, तर या प्रश्नावर दोन बाजू पडल्याच नसत्या. तमिळनाडूनं १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं आणि गोदामापासून दवाखान्यापर्यंत कुठे किती माल आहे याचा हिशोब लावून दाखवला. आपण खरेदी आधी हाफकिन या सरकारी संस्थेकडे दिली, मग २०२३ मध्ये वेगळं प्राधिकरण काढलं. पाटी बदलली. रुग्णाला दिसणारी खिडकी तशीच राहिली.

‘एवढ्या दुकानांचा साठा कोण मोजत बसणार?’ हा पहिला प्रश्न येईल. त्याला माझं उत्तर आहे रक्त. ई-रक्तकोश या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा आणि रक्तगट निवडला की कोणत्या रक्तपेढीत किती पिशव्या आहेत आणि ती नोंद केव्हाची आहे हे दिसतं. रक्तपेढ्या सरकारी आहेत, ट्रस्टच्या आहेत, खासगी आहेत. त्यांच्यातही स्पर्धा आहे. तरी साठा जाहीर होतो, कारण रक्त लागतं तेव्हा वणवण करायला वेळ नसतो हे आपण मान्य केलं. नोंदी कधी शिळ्या असतात, फोन करून खात्री करावी लागते. पण कोणाला फोन करायचा हे तरी कळतं. पोलंडमध्ये औषधांचंही असंच आहे: औषधाचं आणि गावाचं नाव टाकलं की ते कोणत्या दुकानात आहे हे सांगणारी संकेतस्थळं तिथे चालतात, आणि दुकानं स्वतःहून त्यांना माहिती पुरवतात.

आपल्याकडे हे अशक्य वाटतं ते दुकानांच्या संख्येमुळे. पण दुकानांपासून सुरुवात करायची गरजच नाही. औषधांचा व्यवहार स्टॉकिस्टच्या बिलातून वाहतो. कोणत्या दुकानानं या आठवड्यात कोणत्या बॅचच्या किती पट्ट्या उचलल्या हे त्या बिलात असतं, जीएसटीमुळे ते संगणकावर असतं, आणि स्टॉकिस्टची संख्या दुकानांच्या मानानं फार थोडी आहे. तालुक्यातल्या दोनशे दुकानांना विचारण्याऐवजी जिल्ह्यातल्या त्या औषधाच्या चार स्टॉकिस्टना विचारलं, तर निम्मा शोध तिथेच संपतो. एमआर असलेला मेहुणा नेमकं हेच करतो, तो आपल्या स्टॉकिस्टला फोन लावतो. त्याच्याकडची जादू एवढीच.

दुसरी पक्की सुरुवात म्हणजे जनऔषधी केंद्रं. ती सगळी एका व्यवस्थेखाली आहेत, माल एकाच ठिकाणाहून येतो, औषधं मूळ नावानं विकली जातात, म्हणजे ब्रँडचा घोळ नाही. योजना २००८ मधली आहे आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिनं दहा हजार केंद्रांचा टप्पा गाठला. ‘जनऔषधी सुगम’ ॲप जवळचं केंद्र नकाशावर दाखवतं, किंमतही सांगतं. पण केंद्र सापडणं आणि केंद्रात गोळी सापडणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी लोक अजून पायीच जातात. सरकारनं केंद्रचालकांच्या प्रोत्साहन रकमेला ठरावीक दोनशे औषधं कायम ठेवण्याची अट जोडली, हे बरोबर झालं. तेवढं झाल्यावर ती दोनशे आहेत की नाहीत हे गिऱ्हाइकाला घरबसल्या दिसू देणं फारसं लांबचं पाऊल नाही.

आता २०२१ चा एप्रिल, कोविडची दुसरी लाट. त्याच्याशिवाय या विषयावर बोलणं अप्रामाणिक ठरेल, कारण त्या महिन्यात पूर्ण महाराष्ट्र औषध शोधत होता आणि माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावाही तिथेच आहे. ११ एप्रिलला केंद्रानं रेमडेसिव्हिरची निर्यात थांबवली आणि कंपन्यांना सांगितलं की आपल्या स्टॉकिस्टची माहिती संकेतस्थळावर टाका. हेतू चांगला होता. पण माल हजारांत आणि मागणारे लाखांत असताना पत्ता जाहीर करणं म्हणजे रांग जाहीर करणं. पुण्यात लोक रात्रीपासून दुकानांपुढे उभे होते. फॉरवर्ड होत फिरणाऱ्या याद्यांतले नंबर बंद लागत होते, काही सरळ फसवणुकीचे होते. शेवटी किरकोळ विक्री थांबवून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत थेट रुग्णालयांना वाटप करावं लागलं. ज्या औषधासाठी हे सगळं चाललं होतं, ते दाखल रुग्णांना देऊ नये अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं आदल्या नोव्हेंबरातच केली होती, ही त्यातली आणखी एक कडू गोष्ट.

यावरून मी असा निष्कर्ष काढतो की साठा उघड करण्याचा उपाय रोजच्या तुटीसाठी आहे, दुष्काळासाठी नाही. औषध जिल्ह्यात आहे पण माझ्या गल्लीत नाही, तेव्हा माहिती कामाची. औषध जिल्ह्यातच नाही, तेव्हा माहिती म्हणजे चेंगराचेंगरी आणि काळाबाजार. तिथे नकाशा बंद करून वाटपाचा नियम लागू करायला हवा, ज्याची गरज जास्त त्याला आधी. एकच यंत्रणा ही दोन्ही कामं करू शकते, पण आपण कोणत्या स्थितीत आहोत हे तिला ओळखता आलं पाहिजे.

त्याच साथीतून दुसरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. खाटांचे डॅशबोर्ड ठिकठिकाणी झाले. पडद्यावर खाट रिकामी आणि फोन केल्यावर भरलेली, हा अनुभव पुष्कळांनी घेतला. मुंबई महापालिकेनं २४ वॉर्डांत वॉर रूम काढल्या, तिथे माणसं बसवली, आणि खाट कोणाला द्यायची हे ती माणसं ठरवू लागली. पडद्यापेक्षा फोनवरचा माणूस बरा ठरला, कारण तो खात्री करून सांगत होता आणि चुकला तर दुसरा फोन लावत होता. औषधाच्या बाबतीतही मला ॲप नको आहे. म्हणजे ॲप असू दे, पण आधी एक नंबर हवा. अन्न व औषध प्रशासनाचा १८००-२२२-३६५ हा टोल फ्री क्रमांक तक्रारींसाठी आजही आहेच. त्यावर जिल्हावार दोन फार्मासिस्ट बसवा. डी. फार्म. होऊन कमी पगारावर काउंटर सांभाळणारी मुलं राज्यात किती आहेत ते एकदा बघा. रुग्णानं औषधाचं नाव आणि ताकद सांगायची. पलीकडच्यानं स्टॉकिस्टकडे, जनऔषधीकडे, दोन-चार दुकानांकडे विचारून सांगायचं की अमुक ठिकाणी आहे, संध्याकाळपर्यंत ठेवायला सांगितलं आहे. रुग्णाचं नाव विचारायचं नाही. कुणाला एचआयव्हीची गोळी हवी आहे, कुणाला मनोविकाराची, हे कोणत्याही यादीत साठता कामा नये. नाहीतर ग्रुपवरचा फोटो काय वाईट होता?

केमिस्ट मंडळी याला विरोध करतील, आणि त्यांचं ऐकून घ्यायला हवं. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला असतो. त्यातून भाडं, वीज, फ्रिज, फार्मासिस्टचा पगार. वर ऑनलाइन कंपन्यांची सवलत. सप्टेंबर २०१८ मध्ये देशभर दुकानं एक दिवस बंद ठेवली गेली ती ई-फार्मसीच्या नियमांविरुद्ध. आता आपला साठाही उघड करायचा म्हटल्यावर त्यांना तीन भीती वाटणार: शेजारच्या दुकानदाराला आपला माल कळेल, निरीक्षकाला आयती यादी मिळेल, आणि चोराला पत्ता मिळेल. पहिल्या दोन भीतींवर उपाय सोपा आहे. आकडे मागूच नका. ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच पुरे, आणि तेही सगळ्या औषधांचं नव्हे; अडलेल्या शे-दोनशे औषधांचं. ही माहिती तपासणीसाठी वापरली जाणार नाही असं प्रशासनानं लेखी द्यावं.

चोराची भीती मात्र खरी आहे. मालेगावात अल्प्राझोलमच्या गोळीला ‘कुत्ता गोली’ असं नाव पडलं आणि तिचा नशेसाठी बाजार भरला. असली औषधं नकाशावर टाकणं मूर्खपणा होईल. पण त्याच वर्गातल्या गोळ्यांवर कुणाची झोप टिकून असते, कुणाची फिट, कुणाची भीती आटोक्यात असते, आणि त्या माणसाला आज प्रत्येक काउंटरवर संशयानं वरखाली बघितलं जातं. अशांसाठी फक्त फोन, चिठ्ठीचा फोटो पाठवल्यावरच उत्तर, आणि पत्ता एकाच दुकानाचा.

एक गोष्ट दुकानदारांनी स्वतः विचारात घ्यावी. ऑनलाइन कंपनीपुढे गल्लीतलं मेडिकल सवलतीत हरणारच. ते जिंकतं ते वेळेत. आज रात्री नऊ वाजता गोळी हवी असेल तर मोठ्या गोदामाचा उपयोग नाही, आणि अनेक तालुक्यांच्या पिन कोडवर ती गोदामं पोचतही नाहीत. ‘तुमच्यापासून चार किलोमीटरवर, अमुक मेडिकलमध्ये आहे’ हे वाक्य रोज कुणीतरी फोनवरून सांगत असेल, तर त्यात दुकानदाराचा तोटा कुठे आहे? संघटनांनी आंदोलनांत घातलेल्या ताकदीचा थोडा भाग यात घातला तर हा नंबर त्याच चालवू शकतील, सरकारची वाटही बघावी लागणार नाही. खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडेल.

सगळ्यात आधी कोणतं औषध घ्यायचं असं कुणी विचारलं तर मी मॉर्फिन म्हणेन. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदनेवर तोंडानं घ्यायचं मॉर्फिन स्वस्त आहे, जुनं आहे, आणि साध्या मेडिकलमध्ये मिळतच नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणं सोपं झालं. दरवेळी पाच-सहा परवाने गोळा करण्याची कटकट गेली. पण बुलढाण्याच्या खेड्यात कण्हणाऱ्या आईच्या मुलाला अशी संस्था आपल्या किंवा शेजारच्या जिल्ह्यात आहे का, हे कोण सांगणार? तो एकेक मेडिकल पालथं घालतो, जिथे ते असूच शकत नाही. इथे रोज बदलणारा साठा मोजायचा नाही, हजारो दुकानं जोडायची नाहीत, स्टॉकिस्टची मनधरणी करायची नाही. मोजक्या संस्थांची नावं, पत्ते, फोन आणि खिडकीची वेळ एवढंच एका कागदावर आणायचं, आणि तो कागद प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, प्रत्येक कॅन्सर ओपीडीत लावायचा. या संस्थांना मान्यता राज्याचं औषध प्रशासनच देतं, तेव्हा त्यांची यादी त्याच कार्यालयात आहे.